लेहहून आलेला दगड

नाशिक
कोजागिरी, रात्री उशिरा

प्रिय पक्या,

तुझा भाचा दगड देऊन गेला. पहिले दोन दिवस तो आमच्याकडे लोणच्याच्या बरणीवर होता, कारण हिला वाटलं मी दाब ठेवायला आणलाय. शेवटी मी तो धुऊन टेबलावर घेतला आणि शेजारी पांडवलेण्याच्या पायथ्याचा आपला काळा दगड मांडला.

तू चिठ्ठीत विचारलंयस, सह्याद्री एवढा लाव्हाचा, मग हिमालयात ज्वालामुखी कसे नाहीत? अरे, पूर्वी होते. तू त्यातल्याच एकाच्या पोटातला तुकडा पाठवलायस.

भिंगातून पाहिलं तर पांढरे, राखाडी दाणे आणि मधेमधे अभ्रकाचे काळे ठिपके, थेट तिळाच्या वडीसारखे. आपल्या काळ्यात दाणा दिसतच नाही, बारीक बुडबुडे तेवढे दिसतात, काही पांढऱ्या स्फटिकांनी भरलेले. दाणे एवढे मोठे व्हायचे तर खडक जमिनीखाली सावकाश थिजावा लागतो. वरचे ज्वालामुखी झिजून गेले, खालचा ग्रॅनाइट उघडा पडला आणि लेहचा राजवाडा त्यावर बसला.

ते ज्वालामुखी जागे होते तेव्हा भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता आणि त्याचा तळ आशियाच्या कडेखाली शिरत होता. खाली गेलेला तळच वितळून वर येतो, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. खरी करामत पाण्याची आहे. तळाच्या खनिजांत मुरलेलं पाणी साधारण १०० किलोमीटर खोलीवर सुटतं आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. तुमच्या वाड्यात पॉट आईस्क्रीम करायचो, आठवतं? खडे मीठ टाकलं की बर्फ न तापवताच पाणी सोडायचा. खडकाच्या बाबतीत मिठाचं काम पाणी करतं. म्हणून हे ज्वालामुखी कुठेही उगवत नाहीत, तळ जिथे खाली वळतो त्या समुद्रातल्या खंदकापासून अंतर राखून कमानीसारखे ओळीने उभे राहतात. अंदमानातलं बॅरन बेट, मग सुमात्रा, मग जावा, असं नकाशावर बोट फिरवून बघ. २००४ ची त्सुनामी तू चेन्नईत पाहिलीस, तीही तिथल्याच खाली जाणाऱ्या प्लेटची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याची. बॅरन तर दीडशेहून जास्त वर्षं गप्प राहून १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला.

या जातीचा लाव्हा बहुधा चिकट आणि वायूने भरलेला, त्यामुळे नुसता वाहत नाही, फुटतो. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख जुन्नरकडे कुकडीकाठच्या बोरीपर्यंत आलीय! ती त्याच्या नेमक्या कुठल्या स्फोटाची, यावर अभ्यासक अजून भांडतात.

आपला काळा दगड वेगळ्या घराण्यातला. त्याला कुठल्या प्लेटने खाली जावं लागलं नाही. खोलातून उष्णता वर आली, भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. अंजनेरी चढताना कड्यात जे टप्पे दिसतात, ते हेच थर. हे झालं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. मला याचंच नवल वाटत राहतं की त्याच सुमारास समुद्रापलीकडे तुझ्या दगडाची रांगही धुमसत होती. मध्ये अख्खा टेथिस, आणि आज दोघं माझ्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी.

मग भारत वर्षाला १५ सेंटिमीटरहून जास्त वेगाने उत्तरेला सरकला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी मधला समुद्रतळ संपला आणि खंडाला खंड भिडला. खंडाचा खडक हलका, समुद्रतळासारखा तो बुडत नाही. खालचा पाणीपुरवठा तुटला, चुली विझल्या, आणि उरला तो रेटा, ज्याने हिमालय उचलला.

पुन्हा तिकडे गेलास तर द्रासच्या आसपास हिरवट काळा खडक दिसेल. तो टेथिसच्याच काळातल्या, पण याहून जुन्या ज्वालामुखींचा, वर सांडलेला. बारकासा तुकडा खिशात टाक. तुझा आधीचा दगड मात्र आता मागू नकोस, आत्ताच बघितलं, तो परत बरणीवर गेलाय.

काकूंना नमस्कार.

तुझा,
नंद्या