फोटोसाठी पक्षी उडवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलो होतो, चापडगावच्या बाजूने. दर हिवाळ्यात माझ्या तीन-चार चकरा होतातच, पण या वेळी जे बघितलं ते कुणाला तरी सांगायलाच पाहिजे म्हणून हे पत्र. सकाळी पाण्यावर धुकं होतं आणि काठाच्या गाळात काळ्या शेपटीचे पाणटिवळे चरत होते, शंभरेक तरी असतील, लांब चोच चिखलात पार आत खुपसून किडे काढत होते. तेवढ्यात मागून दोन-तीन कॅमेरेवाले आले, एकाने टाळ्या वाजवल्या, पक्षी हलले नाहीत तर दुसऱ्याने दगडच भिरकावला. का तर म्हणे फ्लाइट शॉट पाहिजे! अख्खा थवा उठला, त्यांच्यामागे चक्रवाक आणि थापट्या ही बदकं उठली आणि मिनिटभरात समोरचा काठ रिकामा. मी बोललो तर उत्तर काय, "काका, बसतात की परत."

बसतात हो, पण दमून बसतात. हे पक्षी कुठून कुठून येतात, पट्टकादंब हा हंसासारखा पक्षी तर हिमालय ओलांडून येतो, थंडीचे चार महिने इथे खायचं, अंगावर चरबी चढवायची आणि मार्चच्या आसपास तेवढ्या शिदोरीवर परत निघायचं, तिकडे जाऊन अंडी घालायची. दिवसातून दहा वेळा उडवलं तर खाल्लेलं सगळं उडण्यातच जाणार ना?

दुसरं म्हणजे बऱ्याच लोकांना फक्त फ्लेमिंगो पाहिजे असतो, तो नाही दिसला की "इथे नुसता चिखल आहे" म्हणून गाडी वळवतात. अहो, तो चिखलच तर बघायचा! गोदावरी-कादवाच्या संगमापाशी ब्रिटिशांच्या काळात बंधारा झाला, वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणकणीस म्हणजे पाण्यातलं उंच गवत माजलं आणि त्या दलदलीमुळेच पक्षी यायला लागले. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी, पानांवर चालणारा कमळपक्षी, उघड्या पाण्यात वारकरी पक्षी आणि हळदी-कुंकू बदकं, एका जागी शांत बसलं तर दोन तास कसे जातात कळत नाही. १९८६ मध्ये हे अभयारण्य झालं आणि रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा हीच, २०२० च्या जानेवारीत ते जाहीर झालं. त्यानंतर गर्दी वाढलीये, लहान मुलं दुर्बिणीला डोळा लावून ओरडतात तेव्हा खरंच बरं वाटतं, येऊ देत लोकं.

पण वनविभागाला हात जोडून विनंती आहे, गेटवरच मोठ्या अक्षरात लिहा की टाळ्या, दगड, ड्रोन, स्पीकर चालणार नाही आणि कुणी केलं तर दंड. आपल्या गावातली जी गाइड पोरं आहेत त्यांना पक्षी माहितीयेत, थवा कधी घाबरतो तेही माहितीये, पण पर्यटकाला अडवायचा अधिकार त्यांना नसेल तर ती बिचारी काय करणार, तो द्या.

आणि फोटोवाल्या मित्रांनो, ते कॅमेरेवाले गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. पाऊण तासाने पाणटिवळे हळूहळू परत आले, मग पाणकणसावरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खाली तरंगत आला आणि सगळा थवा आपणहून उडाला, ऊन पडलेलं होतं, पंखांवरचे पांढरे पट्टे एकदम चमकले. दगड मारावा लागला नाही.

आपला,
एक पक्षीप्रेमी वाचक, नाशिक