टँकर एप्रिलात, गाव मात्र दसऱ्यालाच निघते

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पाणीटंचाईच्या बातम्या दरवर्षी एप्रिलात पहिल्या पानावर येतात. कोरडी विहीर, टँकरभोवती घागरींचा गराडा, आणि खाली एक वाक्य : ‘पाण्याअभावी गावे ओस’. मराठवाड्यापुरते बोलायचे, तर हे वाक्य वेळेच्या हिशेबात चुकलेले असते. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतली माणसे ऊसतोडीसाठी घर सोडतात ती दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे विहिरीत अजून पाणी असताना. ती परततात मार्चअखेर किंवा एप्रिलात, नेमका विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा. दुष्काळी वर्ष असेल तर हीच कुटुंबे पंधरा दिवसांत पुन्हा पुण्याच्या, चाकणच्या बांधकामांवर जातात. टंचाई आणि स्थलांतर या दोन गोष्टी आपण एकाच महिन्यात बघतो म्हणून त्यांचे नाते उलटे दिसते.

घर सोडायचा निर्णय खरे तर दोन पावसांवर ठरतो. पहिला ऑगस्टमधला. सोयाबीनच्या शेंगा भरत असताना तीन आठवडे उघडीप पडली की दाणा बारीक राहतो आणि एकरी उतारा निम्म्यावर येतो. दुसरा हस्ताचा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातला. रब्बी ज्वारी पेरायची ती याच ओलीवर. बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावर जमीन मुरमाड, माती हात-दोन हात. हस्त कोरडा गेला की तिथे ज्वारी पेरण्यात अर्थ उरत नाही. मग कडबाही नाही, म्हणजे जनावरांचाही प्रश्न. ऊसतोडीला गेले की निदान वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मिळते, बैल जगतात. चारा छावण्या उघडायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. तोवर बैल विकलेला तरी असतो नाहीतर कारखान्यावर पोहोचलेला असतो.

मजुरी जास्त मिळते म्हणून लोक जातात, हा समज अर्धवट आहे. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीदरात ३४ टक्के वाढ होऊन दर टनाला ३६६ रुपयांवर गेला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटे चारपासून राबून दिवसाला साधारण दोन टन तोडते. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, दोघांचे ६२४. तफावत शंभर-सव्वाशेची, तीही रात्री-अपरात्री गाडी भरण्याचे कष्ट न मोजता. तरीही माणूस कोयता निवडतो, कारण मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. पेरणीची उधारी, दवाखाना, मुलीचे लग्न यांना एकरकमी पैसा लागतो आणि तो पावसाळ्यातच लागतो. रोजगार हमीचा पैसा काम झाल्यावर, हजेरीपट निघाल्यावर, मोजमाप झाल्यावर, खात्यात कधीतरी येतो. मुकादमाचा पैसा काम सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी हातात असतो. स्पर्धा मजुरीच्या दराची नसून पैसे मिळण्याच्या तारखेची आहे.

या उचलीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. एका कोयत्यावर एक लाख उचल घेतली, तर ३६६ च्या दराने ती फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले तर १३७ दिवस, एकही खाडा न करता. खाण्यापिण्याचा खर्च वेगळा. आता दुष्काळी वर्ष घ्या : उसाचेच क्षेत्र घटलेले असते, गाळप शंभर-सव्वाशे दिवसांत आटोपते. शंभर दिवसांत फिटतात ७३ हजार. उरलेले २७ हजार अंगावर राहतात आणि पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी त्या कुटुंबाला जावेच लागते. एका दुष्काळातले स्थलांतर पुढची दोन-तीन वर्षे का ओसरत नाही, याचे उत्तर आकाशात नाही, मुकादमाच्या वहीत आहे. ज्यांची विहीर आतापर्यंत टिकून होती अशी घरेही त्या वर्षी पहिल्यांदा कोयता धरतात, आणि बाकी राहिली की तीही अडकतात.

आता शासनाचे कॅलेंडर. २०१८ साली १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला ३१ ऑक्टोबरला. २०२३ साली ४० तालुक्यांत, तोही ३१ ऑक्टोबरला. २०१६ च्या दुष्काळ संहितेप्रमाणे पाऊस आणि पावसातला खंड हा पहिला निकष. मग पेरणी, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतली ओल, जलसाठे. मग काही गावांत प्रत्यक्ष पाहणी. पद्धत शास्त्रीय आहे, तिच्यावर आमचा आक्षेप नाही. पण ती पूर्ण होईतो कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात आणि ट्रक-ट्रॅक्टर भरून गेलेले असतात. अंतिम पैसेवारी (पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज) तर त्याहून उशिरा, डिसेंबरात. टंचाई कृती आराखडाही कागदावर ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च आणि एप्रिल-जून अशा तीन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बहुतेक गावांपुढे ‘निरंक’ लिहिलेले असते, कारण तेव्हा विहिरींना पाणी असते. मग शेवटच्या टप्प्यात विंधन विहिरी, अधिग्रहण आणि टँकर यांची धावपळ.

तो ‘निरंक’ टप्पाच सगळ्यात महत्त्वाचा आहे असे आम्हाला वाटते. त्यासाठी ढोबळ ताळेबंद मांडतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टरांच्या शिवारात ६०० मिलिमीटर पडला, तर ६०० कोटी लिटर. आपल्या काळ्या पाषाणात त्यातले दहाव्या हिश्श्याच्या आसपास मुरते, म्हणजे ६० कोटी. दोन हजार लोकवस्तीला माणशी ५५ लिटरने वर्षाला चार कोटी लिटर लागतात. हजार जनावरांना दिवसाला ४० लिटर धरले तर दीड कोटी. दोन्ही मिळून साडेपाच कोटी. उरलेले साडेचोपन्न कोटी शेतीला. मोकाट पाण्यावरच्या (ठिबक नसलेल्या, पाटाने भिजवलेल्या) उसाला पावसाचा वाटा वजा जाता एकरी ७५ ते ८० लाख लिटर लागतात, म्हणजे हे पाणी जेमतेम सत्तर एकर उसाला पुरते. ज्वारीला एक पाळी, म्हणजे एकदा पाणी देणे, एकरी सुमारे २ लाख ६० हजार लिटरची. दोन पाळ्या दिल्या तर तेच पाणी हजार एकरांवर फिरते. मुरलेले सगळे उपसता येत नाही, काही ओढ्याने निघून जाते, हे खरे. पण सत्तर एकर आणि हजार एकर यांतला फरक त्याने पुसला जात नाही. हजार एकरांवर खुरपणी, काढणी, मळणी, कडबा आहे. सत्तर एकरांवर काम निघते ते तोडीच्या वेळी, आणि ते करायला बाहेरची टोळी येते.

पावसाने दगा दिला की मुरण्याचे गणित आणखी बिघडते. काळी जमीन आधी स्वतः ओली होते, मग खाली पाणी सोडते. त्यामुळे पाऊस ६०० वरून ४०० वर आला तर मुरलेले पाणी तिसऱ्या हिश्श्याने नव्हे, त्याहून खूप जास्त घटते. समजा २० कोटी लिटरच मुरले. तरी प्यायला साडेपाच कोटी लागतात, म्हणजे ऑक्टोबरात गावाजवळ पिण्यापुरते पाणी असतेच. ते ऑक्टोबर ते जानेवारीत उपसून संपते आणि एप्रिलात आपण टँकर पाठवतो. टंचाईत माणशी २० लिटरचा हिशेब धरतात. दहा हजार लिटरच्या टँकरने एक एकर उसाचे पाणी वाहायचे झाले तर आठशे खेपा होतील. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तिच्या पहिल्या खेपेत दहा वाघिणींत पाच लाख लिटर होते. एका एकर उसाला तशा सोळा खेपा लागतील. ऊस लावणाऱ्याला शिव्या देऊन काही साधत नाही. हमखास भाव आणि हमखास उचलणारा खरेदीदार ज्या पिकाला आहे ते तो लावणारच. पण पाण्याचा हिशेब गावाच्या नावाने व्हायला हवा, एका मोटारीच्या नावाने नव्हे.

बोअरबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण स्थलांतराला ढकलणारे कर्ज बऱ्याचदा तिथून सुरू होते. आपल्याकडे पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि त्याखालचा मांजऱ्या (झिजलेला, ठिसूळ) खडक, बहुतेक ठिकाणी पहिल्या पन्नास-साठ फुटांत. त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाणी असलेच तर भेगांत, दोन थरांमधल्या सांध्यात. अशी भेग लागली की पहिल्या दिवशी चार इंची धार पडते, सगळे गाव बघायला येते. पण ती भेग म्हणजे साठवण नव्हे, वाट आहे. ती वरच्याच थरातले, शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी ओढते. दोन उन्हाळ्यांत धार अर्ध्यावर येते, मग मोटार खाली सोडायची, मग आणखी दोनशे फूट. आठशे फुटांवर नुसती धूळ निघाली तरी गाडीवाल्याचे फुटावरचे पैसे चुकत नाहीत. राज्याच्या भूजल अधिनियमाने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला मनाई केली आहे. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही, हा नियम तर १९९३ च्या कायद्यापासूनचा. टंचाईग्रस्त जाहीर झालेल्या भागात गावाच्या विहिरीवर परिणाम करणारा उपसा थांबवण्याचा अधिकारही प्रशासनाकडे आहे. तो ऑक्टोबरात वापरला जात नाही. एप्रिलात त्याच खासगी विहिरी पैसे मोजून अधिग्रहित होतात.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचेही तेच. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या तळ्यात वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावते. ते ओढ्याच्या पुराने भरले तर उत्तम. बोअर चालवून भरले, तर जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवल्यासारखे आहे.

मग करायचे काय? आमचे म्हणणे तारखांपुरते आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला गाव घरी असते. २६ जानेवारीच्या सभेला निम्म्या घरांना कुलूप असते. पाण्याचा ताळेबंद, पिण्याच्या विहिरीभोवतालचा उपसा आणि हिवाळ्यातल्या कामांची यादी या तिन्ही गोष्टी २ ऑक्टोबरलाच ठरल्या पाहिजेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला हे बरीच वर्षे चालले आहे : पाऊस मोजायचा, आधी पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, उरलेल्यावर रब्बीचे पीक ठरवायचे, सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. प्रत्येक गावाला तसे पुढारपण मिळणार नाही, पण पर्जन्यमापक आणि फळा मिळू शकतो.

कामांबाबत अनुभव असा, की शेल्फवर (रोजगार हमीच्या नियोजित कामांच्या यादीत) कामे असतात पण तांत्रिक मंजुरी नसते. ती जुलै-ऑगस्टमध्ये उरकली तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हजेरीपट निघू शकतो. कामाची मागणी तोंडी करून उपयोग नाही. नमुना ४ भरून द्यायचा आणि नमुना ५ ची तारीख घातलेली पोच घ्यायची. पोच नसेल तर काम देण्याची पंधरा दिवसांची मुदत मोजता येत नाही, मग बेकारी भत्ताही नाही. पोच द्यायला टाळाटाळ होते ती याचमुळे. आणि मजुरी पंधरा दिवसांत खात्यात पडली नाही, तर पुढच्या वर्षी तो मजूर रोजगार हमीचे नाव काढत नाही. उचलीशी टक्कर द्यायची तर महिला बचत गटांमार्फत जून-जुलैमध्ये पंचवीस-तीस हजारांचे छोटे कर्ज आणि त्याची फेड हिवाळ्यातल्या मजुरीतून, अशी जोडणी करून पाहायला हवी. एक लाखाची उचल त्याने संपणार नाही. पहिल्यांदाच कोयता धरणारे घर मात्र थांबू शकते.

जे जाणारच आहेत त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. ती टोळ्या निघण्याआधी उघडली नाहीत तर मुले आई-बापाबरोबर कोपीवर (तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत) जातात, आणि डिसेंबरात वसतिगृह सुरू झाले तरी अर्ध्या हंगामातून त्यांना आणायला कोणी येत नाही. मागे राहिलेल्या आजीचा मुलांना आधार वाटतो खरा, पण पाणी आणणारीही तीच असते.

शेवटी एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. जायकवाडी किती टक्के भरले, हे आपण रोज छापता. बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावांना त्या आकड्याचा उपयोग नाही. तिथे जायकवाडीचा कालवा पोहोचत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, आणि ऑक्टोबरची पातळी मागल्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून एक, दोन किंवा तीन मीटरपेक्षा जास्त घट झालेली गावे वेगळी काढते. ती तालुकावार यादी, गावांच्या नावांसह, ऑक्टोबरात धरणसाठ्याच्या चौकटीशेजारी छापावी. एक पान लागेल. त्यातली तीन मीटरच्या रकान्यातली गावे आणि दिवाळीनंतर कुलपे लागलेली गावे जवळजवळ तीच निघतील.

आपले,
पाणी आणि रोजगार हमीच्या प्रश्नावर काम करणारे काही कार्यकर्ते,
बीड जिल्हा