तारीख कोणाच्या घड्याळाची?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक तारीख असते. आमच्या अ‍ॅपमध्ये ती टाकणारी बिल्ड पाइपलाइन (कोडपासून अ‍ॅप आपोआप तयार करणारी साखळी) मी सांभाळते, आणि त्याच तारखेने मला एकदा तोंडघशी पाडलं.

ग्राहकाच्या स्क्रीनशॉटवर सोमवारची तारीख होती. दुरुस्ती तर शुक्रवारीच गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, गेलेली. ‘दुरुस्ती त्यात आहे, तुमच्याच सेटिंगचा घोळ असेल,’ असं मी छातीठोकपणे कळवलं. प्रत्यक्षात सोमवारी कोणीतरी जुनीच ब्रँच, म्हणजे दुरुस्ती नसलेली कोडची शाखा, पुन्हा बिल्ड केली होती. तारीख रनरच्या, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या मशीनच्या, घड्याळाची होती, कोडची नव्हे.

तेव्हापासून आम्ही कमिटची, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीची, वेळ घेतो. पण कमिटला तारखा दोन: बदल लिहिला तेव्हाची ऑथरची आणि कमिट घडला तेव्हाची कमिटरची. रीबेस केलं, म्हणजे कमिट नव्या पायावर पुन्हा रचले, की पहिली तशीच राहते, दुसरी बदलते. गिट लॉग ही इतिहास दाखवणारी आज्ञा एरवी पहिलीच दाखवते, म्हणून माणसं फसतात. मी कमिटरची घेते.

ती मिळवायची कुठून? गिटलॅब या सेवेत बिल्डसाठी तयार व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली माहिती) आहे. गिटहब अ‍ॅक्शन्स या दुसऱ्या सेवेत पुशच्या, म्हणजे कोड वर चढवल्याच्या, इव्हेंटमध्ये कमिटची वेळ येते, वेळापत्रकाने सुटणाऱ्या रनमध्ये येत नाही. आमच्या रात्रीच्या बिल्ड काही दिवस बिनतारखेच्याच निघाल्या! त्यापेक्षा थेट गिटला विचारलेलं बरं.

तिथेही एकदा फसलोच. मदतीच्या सगळ्या पानांवर ‘शेवटचा बदल’ एकाच दिवशीचा दिसू लागला. गिटहबचं चेकआउट, म्हणजे रनरवर कोड उतरवणारी पायरी, सांगितल्याशिवाय फक्त शेवटचा १ कमिट आणतं. मागचा इतिहासच नाही, तेव्हा प्रत्येक फाइल त्याच कमिटमध्ये जन्मली असं गिटला वाटणार. फेच डेप्थ (किती इतिहास आणायचा ती सेटिंग) ०, म्हणजे सगळा इतिहास, केल्यावर तारखा जाग्यावर आल्या. डिस्कवरच्या फाइलची वेळ वापरा, असं एका सहकाऱ्याने सुचवलं होतं. पण ती गिट जपतच नाही, तिथे चेकआउटची वेळ लागते.

आता कमिटरची वेळ, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आम्ही ‘सोर्स डेट इपॉक’ या व्हेरिएबलमध्ये भरतो. जीसीसी या कंपायलरसारखी साधनं ते वाचतात. एकाच कमिटच्या दोन बिल्डमध्ये तारखेमुळे पडणारा फरक त्याने गेला.

आपल्या वाचकांत बिल्ड सांभाळणारे असतील, त्यांनी आपल्या पानावरची तारीख कुठून येते ते एकदा उघडून पाहावं. त्या ग्राहकाची मी माफी मागितली आहे.

आपली,
एक बिल्डवाली