अण्णांनी न छापलेलं पत्रक

कोलंबस, ओहायो
7 नोव्हेंबर 2004

प्रिय सुध्या,

विधानसभेच्या प्रचारात छापखान्यात जागरणं चालल्याचं लिहिलं होतंस. तुझी यंत्रं मतदानाआधी दोन दिवस तरी थांबतात रे. इथे प्रचारबंदी नावाचा प्रकारच नाही. मंगळवारी मतदान चालू असतानाही आमचा फोन खणखणत होता. मी व्हिसावरचा माणूस, मला मत नाही, हे त्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाला कोण सांगणार?

राष्ट्राध्यक्षपदाला उभे असलेले रिपब्लिकन बुश आणि डेमोक्रॅट केरी, दोघांनाही ओहायो हवंच होतं. त्यामुळे बातम्यांच्या आधी जाहिरात, मधे जाहिरात, हवामान सांगून झालं की पुन्हा जाहिरात. साचा ठरलेला. विरोधकाचा तोंड वाकडं असताना टिपलेला काळपट फोटो, खर्जातला आवाज, आणि शेवटी ज्याची जाहिरात तो उन्हात हसतोय. बुश यांच्या एका जाहिरातीत तर जंगलातले लांडगेच सोडले होते. 2002 च्या कायद्यामुळे उमेदवाराला स्वतःच्या तोंडाने ‘आय अप्रूव्ह धिस मेसेज’ म्हणावं लागतं. आमची चिऊ पाच वर्षांची. परवा पानात कारलं पडल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, ‘आय डू नॉट अप्रूव्ह धिस मेसेज.’

पण सगळ्यात विखारी जाहिरात उमेदवाराची नव्हतीच. ऑगस्टच्या सुरुवातीला व्हिएतनाम युद्धात लढलेल्या काही माजी अमेरिकी नौसैनिकांचा एक गट जाहिरात घेऊन पुढे आला. केरींनी त्या युद्धातली शौर्यपदकं खोटं बोलून मिळवली, असं त्यांचं म्हणणं. गट पक्षाबाहेरचा, म्हणजे बुश यांनी ‘मान्यता’ म्हणायचा प्रश्नच नाही. खर्च 5 लाख डॉलरच्या आसपास, तोही ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया आणि विस्कॉन्सिन एवढ्यापुरता. इथल्या हिशेबात ही चिल्लर. पण वृत्तवाहिन्यांनी ती उचलली आणि रात्रंदिवस फुकटात दाखवली. एका चौकटीत आरोप करणारा, दुसरीत नाकारणारा, मधे टाय लावलेला निवेदक, आणि खाली पट्टी. नौदलाची त्या वेळची कागदपत्रं केरींच्या बाजूची. त्यांनी नदीतून ओढून काढलेला जिम रासमन जिवंत, वर स्वतः मुळातला रिपब्लिकन, तोही ओरडून सांगतोय. तरी दोन्ही बाजूंना सारखी मिनिटं! माध्यमं डावीकडे कललीत की उजवीकडे, यावर इथे लोक तासन् तास भांडतात. मला त्या कलण्यापेक्षा हे हात झटकणं जास्त झोंबलं. केरीही जवळजवळ दोन आठवडे गप्प बसले, तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं.

ही जाहिरात वाईट आहे असं उघड म्हणणाऱ्यांत जॉन मकेन होते, बुश यांच्याच पक्षाचे. का नाही म्हणणार? 2000 साली साउथ कॅरोलिनात ते बुश यांच्याविरुद्ध पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे होते, तेव्हा त्यांना काळं अनौरस मूल आहे अशी कुजबुज पसरवली गेली. ती पोर म्हणजे ढाक्याच्या मदर तेरेसांच्या अनाथाश्रमातून दत्तक घेतलेली त्यांची मुलगी.

आता माझं ऐक. हे वाचून तू हसणार आहेस. 8 सप्टेंबरला सीबीएस वाहिनीवर निवेदक डॅन रादर यांनी बुश यांच्या तरुणपणच्या नॅशनल गार्ड या राखीव दलातल्या नोकरीची काही टिपणं दाखवली. साहेबांनी कामात टाळाटाळ केली, असा अर्थ निघणारी. मी इतका खूश झालो की दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या म्हाताऱ्याला कुंपणावरूनच ओरडून विचारलं, काल पाहिलंत का? त्याच्या हिरवळीवर बुश यांच्या प्रचाराची पाटी. तो म्हणाला, ‘बघू.’ इंटरनेटवर लोकांनी तोवर अक्षरं तपासायला घेतली होती. 1972-73 सालची म्हणवणारी टिपणं, आणि आकड्याच्या डोक्यावर बारीकसा ‘टीएच’, जसा कॉम्प्युटर आपोआप चढवतो तसा! खरेपणा सिद्ध करता येत नाही म्हणून 20 तारखेला सीबीएसला माफी मागावी लागली. सुध्या, मे महिन्याच्या सुट्ट्या मी तुमच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवल्या. उलटं अक्षर बोटाने ओळखायचो. आणि तो ‘टीएच’ डोळ्यांसमोर असून मला दिसला नाही, कारण मला तो बघायचाच नव्हता.

त्या रात्री छापखान्यातले अण्णा आठवले. नगरपालिकेच्या निवडणुकीच्या वेळी तो माणूस दहा वाजता मागच्या दाराने आला होता, आठवतंय? विरोधकाच्या बायकोबद्दलचा मजकूर, दुप्पट पैसे रोख. अण्णांनी चष्मा वर केला नि विचारलं, ‘खाली नाव कोणाचं टाकू?’ तो म्हणाला नाव नको. ‘मग मजकूरही नको.’ आपण दोघं कागदाच्या रिमांमागे बसून चुरमुरे खात होतो. पत्रक दुसऱ्या दिवशी गावात फिरलंच, कुठल्याशा दुसऱ्या छापखान्याच्या ट्रेडल यंत्रावरून निघालेलं.

ओहायोत बुश लाखाच्या वर मतांनी जिंकले. बुधवारी केरींनी हार मान्य केली. माझ्या ऑफिसातले दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

शेजारच्या म्हाताऱ्याने सीबीएसच्या माफीचा विषय एकदाही काढला नाही. उलट त्याच आठवड्यात परसातले टोमॅटो आणून दिले, ते माझ्या घशाखाली उतरेनात. काल तो पाट्या उपटत होता, त्याची आणि पलीकडच्या घराची केरींचीही. पाट्यांना जाड तारेचे पाय असतात. चिऊच्या आकाशकंदिलाला इथे कामट्या मिळत नाहीत, म्हणून मी दोन्ही मागून घेतल्या. आज दुपारभर त्या वाकवत बसलोय. बुश यांची तार जरा कडक निघाली.

दिवाळी अंक पाठव, टपालाला कितीही पडो. काकूंना नमस्कार.

तुझा,
वश्या