बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

विनिपेग, कॅनडा
१४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कॅनडातील मूळनिवासी मुलांची घरी आबाळ होत असताना त्यांना चांगल्या घरात नेऊन ठेवले, तर त्यात समाजकार्यकर्त्यांचे काय चुकले, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. मी ज्या व्यवसायाचे शिक्षण घेत आहे त्याच्या मुळाशीच हा प्रश्न असल्याने जरा सविस्तर लिहिते.

आबाळ होते आहे हे ठरवत कोण होते, ते आधी पाहावे लागते. इथल्या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेने १९४७ साली संसदीय समितीपुढे निवेदन देऊन, इतर नागरिकांना मिळणाऱ्या सेवा मूळनिवासींनाही मिळाव्यात अशी मागणी केली होती. १९५१ साली इंडियन ॲक्टमध्ये, म्हणजे मूळनिवासींसाठीच्या केंद्रीय कायद्यात, दुरुस्ती होऊन प्रांतांचे बालकल्याण कायदे राखीव वस्त्यांवर, म्हणजे मूळनिवासींसाठी राखून ठेवलेल्या भूभागांवर, लागू होण्याची वाट मोकळी झाली. हेतू वाईट नव्हता, हे मी मान्य करते. परंतु पुढे पैसा आला तो घर सावरण्यासाठी नव्हे, तर मूल घराबाहेर काढल्यानंतर त्याला सांभाळण्यासाठी. शहरातून आलेली कार्यकर्ती घरात नळ आहे का, खाटा किती, फडताळात डबाबंद अन्न आहे का, हे पाहून शेरा लिहीत असे. मूल आजीजवळ किंवा मावशीजवळ वाढत असेल, तर आईने ते टाकले असा अर्थ काढला जाई. दादा चौथीपर्यंत अक्कलकोटला आजीकडेच होता. त्या मोजपट्टीने आपलेही घर नापास झाले असते!

अशा रीतीने १९५० नंतरच्या तीन दशकांत वीस हजारांहून अधिक मुले उचलली गेली, असा अंदाज आहे. ती बहुतेक गोऱ्या कुटुंबांत दिली गेली, काही तर थेट अमेरिकेत. सस्कॅचेवान प्रांताने १९६७ साली सुरू केलेल्या योजनेत या मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांतील जाहिरातींत छापली जात. हसरा चेहरा, खाली नाव आणि दोन ओळी स्वभावाच्या. मुलाची आई कोण, जमात कोणती, याचा उल्लेख नाही. न्यायाधीश एडविन किमेलमन यांनी इथल्या मॅनिटोबा प्रांतातील अशा दत्तकांची चौकशी केली आणि १९८५ च्या अहवालात त्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. मला तो शब्द अतिशयोक्त वाटत नाही, कारण पुढची पिढीच परक्या घरी परक्या नावाने वाढली, तर जमातीच्या जमिनीवरचा हक्क मागायला उरणार कोण?

सोलापूरच्या सेटलमेंटविषयी, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवण्याच्या वसाहतीविषयी, तुम्हीच मला सांगितले होते. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यातही १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची मुभा सरकारला दिली होती, आणि तिथेही भाषा सुधारणेचीच होती.

हे सारे जुने झाले असे मात्र समजू नका. २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडातील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत मूळनिवासी ७.७ टक्के, पण सरकारने आईबापांपासून काढून पालक-घरांत, म्हणजे दुसऱ्या कुटुंबांत, ठेवलेल्या मुलांत ५३.८ टक्के आहेत. याच मॅनिटोबातील नॉर्वे हाउस क्री नेशन या मूळनिवासी समाजाचा जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मुलगा, घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, या वादात अडकून २००५ साली पाचव्या वर्षी इस्पितळातच वारला. सिंडी ब्लॅकस्टॉक या गिटक्सन या मूळनिवासी समाजाच्या समाजकार्यकर्तीने केंद्र सरकारविरुद्ध लढा दिला, आणि २०१६ साली मानवाधिकार न्यायाधिकरणाने मान्य केले की वस्त्यांवरील बालसेवांना कमी पैसा देणे हा भेदभाव आहे आणि या निधीची रचनाच मूल घराबाहेर काढायला उत्तेजन देते. हा खटला आमच्याच व्यवसायातल्या बाईने लढला, याचा मला फार आधार वाटतो.

जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने मुलांविषयीचे निर्णय जमातींनी स्वतःच्या कायद्यांनी घ्यावेत, हा अधिकार मान्य केला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो कायदा वैध ठरवला. केवळ गरिबीमुळे मूल काढून घेऊ नये, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. पदवीनंतर मला एखाद्या जमातीने स्वतः चालवलेल्या संस्थेत, तिथल्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली काम करायचे आहे. त्यासाठी आणखी दोन वर्षे इकडे राहावे लागेल. आईशी बोलून तुमचे मत कळवावे.

आईस नमस्कार, दादा-वहिनींना आठवण.

तुमची
मुक्ता