बोर्ड कापला, वसंता

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय वसंता,

परवा फोनवर तू विचारलंस, "नातवाच्या तिसऱ्या वाढदिवसाला सूनबाई ते ईझल, म्हणजे चित्र काढायची उभी फळी, घ्यायचं म्हणतेय, ऑनलाइन पाच हजारांच्या पुढे किंमत आहे, खरंच काही उपयोग होतो का रे?" मी "होतो" म्हणून फोन ठेवला, कारण गॅसवर दूध होतं. दूध उतू गेलंच. तुझं उत्तरही अर्धवट राहिलं, म्हणून आज जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलोय. बाकी सगळे झोपलेत.

आधी कबुलीजबाब देतो. माझा ड्रॉइंग बोर्ड मी कापला.

हो, तोच. वागळे इस्टेटमधली कंपनी बंद झाली तेव्हा टेम्पोत घालून घरी आणला होता तो. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं कॅड आल्यावर त्याला कुणी विचारत नव्हतं, पण मला तो भंगारात टाकवेना. एवढी वर्षं माळ्यावर होता. दर दिवाळीच्या साफसफाईत ही म्हणायची, "त्या फळीचं काय ते एकदा ठरवा." मागच्या गुढीपाडव्याला गुढीची काठी काढायला माळ्यावर चढलो, तर आमची नात मनू खालून विचारते, "आबा, ते मोठ्ठं काय आहे?" तिला तेव्हा तीन पूर्ण व्हायचे होते. तिथं डोक्यात किडा वळवळला.

ए-झिरोचा कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. लांब बाजूवर मधोमध कापला की बरोबर दोन ए-वन निघतात, हे मी ट्रेनी पोरांना शेकडो वेळा सांगितलं असेल. बोर्डालाही तोच हिशेब. दोन भाग, वरच्या कडेला बिजागऱ्या, खाली चार पाय. उलट्या 'व्ही'सारखं उभं राहतं, दोन्ही बाजूंनी दोन मुलं उभी राहू शकतात. एका बाजूला काळा फळ्याचा रंग मारला, दुसरी कागदासाठी ठेवली. चरईतल्या सुताराकडे गेलो, तर तो म्हणाला, "म्हणजे घोडा बनवायचाय." मी म्हटलं घोडाच. नंतर मुलाने मोबाइलवर शोधून सांगितलं की ईझल हा शब्द डच भाषेतल्या गाढवावरून आलाय. त्यांचं गाढव, आपल्या सुताराचा घोडा, एकूण ओझं वाहणारं जनावर. करवत चालली तेव्हा मी रस्त्यावर जाऊन चहा घेत बसलो. बघवलं नाही. मजुरी, बिजागऱ्या, पायांचं लाकूड, रंग मिळून साडेसतराशे झाले. तुझ्याकडे जुना बोर्ड नसेल तर प्लाय घे, पण पावसाळ्यात फुगणार नाही असा घे. ठाण्यातल्या जुलैत आमच्या दारं-खिडक्यासुद्धा फुगून बसतात, तुला माहीत आहे.

उंचीचं माप मात्र मी चुकवलं. चाळीस वर्षं मिलिमीटरमध्ये जगलेला माणूस, आणि पाय स्वतःच्या अंदाजाने कापले. मनूला वरचा अर्धा कागद पोचेना, टाचा उंच करून रंगवायची आणि दोन मिनिटांत कंटाळायची. शेवटी चार इंच कापले. तू सोपं कर. मुलाला उभं करायचं, त्याचं नाक जिथं येतं तिथं कागदाचा मध्य आला पाहिजे. आणि पायांना दोन-तीन भोकं पाडून विंग नट, म्हणजे हाताने फिरवायचे पंखवाले नट, लाव, म्हणजे पोरगं वाढेल तसा बोर्ड वर चढेल. फळी अगदी उभी नको, जरा मागे कललेली ठेव, म्हणजे ओघळ कमी येतात.

आणखी एक चूक तुला सांगितलीच पाहिजे, तू ती करू नयेस म्हणून. पायांमध्ये साखळी लावायची राहिली होती. तिसऱ्या दिवशी गुळगुळीत टाइल्सवर चारही पाय फाकले आणि अख्खं प्रकरण फताडं झालं. मनू त्या वेळी आत आजीकडून वरणभात खात होती म्हणून निभावलं. काळा रंग सोफ्याच्या पायापर्यंत गेला. त्याच संध्याकाळी साखळी आणली, आणि मेडिकलच्या दुकानातून म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात ते रबरी बूट आणून चारही पायांना घातले. दुकानदार म्हणाला, "काका, चार काठ्या?" बिजागरीच्या बाजूलाही बोट जाणार नाही अशी कापडी पट्टी ठोकली. माझं स्वतःचं बोट सापडल्यावर सुचलं ते.

आता तुझा मूळ प्रश्न. टेबलावर कागद ठेवून काढलं काय आणि उभ्यावर काढलं काय, फरक काय? मलाही आधी सूनबाईचा हट्टच वाटला होता. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट राहतात, मुलांच्या हाताच्या हालचाली, रोजची कामं सुधारायला मदत करणाऱ्या. एकदा लिफ्ट बंद होती, जिन्यात दम खायला थांबलो तेव्हा त्यांनी जिन्याच्या भिंतीवरच करून दाखवलं. तूही आत्ता करून बघ. टेबलावर हात टेकून लिहिलंस की मनगट आडवं पडतं, बऱ्याच मुलांचं तर आत वळतं, आणि मग सगळी बोटं मुठीसारखी पेनावर आवळतात. आता भिंतीवर लिही. मनगट आपोआप मागे वळतं आणि अंगठा नि पहिली दोन बोटं मोकळी होतात. पेन्सिल नीट धरायला पुढे हेच लागतं. शिवाय हाताला टेकू नसतो, त्यामुळे खांदा आणि दंड काम करतात. लहान मुलाचा हात आधी खांद्यापासून पक्का होतो, बोटांची नाजूक कामं नंतर. आपण पहिल्या दिवसापासून बोटांच्या मागे लागतो. आणि फळी रुंद असली की उजव्या हाताला शरीराच्या मध्यरेषेपलीकडे डावीकडे जावं लागतं. हे वाटतं तितकं साधं नाही. मनू सुरुवातीला मध्यावर आली की ब्रश डाव्या हातात घ्यायची. हल्ली घेत नाही.

खडूही अख्खा देऊ नका म्हणाल्या, इंचभर तुकडा द्या. तो मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. आपल्या शाळेत मास्तर उरलेल्या तुकड्यांवर फळा उरकायचे, ते काटकसर म्हणून, पण अक्षर काय होतं रे त्यांचं!

ऐकताना मला डहाणूची आठवण आली. तुझ्या त्या फॉरेस्टमधल्या मामांकडे आपण गेलो होतो, डहाणू तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं, २०१४ मध्ये पालघरला गेलं. लग्नघरात बायका भिंतीपुढे उभ्या राहून चौक, म्हणजे लग्नाचं वारली चित्र, काढत होत्या. गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, हातात बांबूची काडी. मनगट भिंतीला टेकलेलं नाही, रेघ मात्र सुतात. पुढे वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरातला फोटो मी तुला पाठवला होता. त्या लोकांना ईझल कशाला हवं? भिंत होती. आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भिंतीला हात लावला की पोराला धपाटा, म्हणून हा घोडा उभा करावा लागतो.

आणि पाच हजारांचंच म्हणशील, तर त्याच भागात बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बालशिक्षणाचं केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला नेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत म्हणून गावात मिळेल त्यावर त्यांनी बालवाड्या चालवल्या. सूनबाईला हे सांग, पण माझं नाव घेऊ नकोस.

सामानाचं पटकन सांगतो. पोस्टर कलर पातळ असतो, ओघळतो. त्यात मैद्याची खळ शिजवून घालायची, आणि थोडा भांड्यांचा लिक्विड साबण, म्हणजे कपड्यांवरून धुऊन निघतो. पावसाळ्यात खळ दोन दिवसांत आंबते, थोडीच करावी. सुरुवातीला लाल, पिवळा, निळा एवढेच, श्रीखंडाच्या डब्यांत. हिरवा तिचा तिनेच शोधला आणि घरभर ओरडत फिरली. बारा रंगांचा डबा दिला असता तर हिरवा विकतचा झाला असता. ब्रश जाड. एप्रन म्हणून माझा कंपनीचा जुना शर्ट, बटणं पाठीवर. जमिनीवर फ्लेक्स. ठाण्यात फ्लेक्सला काय तोटा! आमच्या नाक्यावरच्या एका भाऊंच्या वाढदिवसाचा उतरवलेला फ्लेक्स मिळाला. उलटा टाकायचा ठरलं होतं, पण मनूला भाऊच वर हवे होते. आता त्यांना निळी मिशी आहे.

खरा घोळ सामानाचा नव्हता, माझाच होता.

तुला आपली शाळेतली इंटरमीजिएट चित्रकलेची परीक्षा आठवते? स्मरणचित्राला तू बाजार काढलास, भाजीवालीच्या पाठीमागे एक माणूस नुसता जांभई देत उभा. तुला ए ग्रेड. मी आठ दिवस घोटून ठेवलेला 'पावसाळी दिवस' उतरवला, एकूण एक छत्री प्रमाणात, आणि सी. भूमितीत मात्र माझा हात कुणी धरला नसता, आणि तिनेच मला आयुष्यभर भाकरी दिली. तर असा मी, नातीच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. तिने काहीतरी गोल गोल केलं. मी विचारलं, "हे काय आहे?" ती म्हणाली, "काही नाही, फिरतंय." मी म्हटलं, "मग चाक काढू या नीट," आणि काढून दाखवलं. मग बदक दाखवलं. बदक फार सुरेख आलं. पोरगी खूश झाली, टाळ्या वाजवल्या आणि खडू माझ्या हातात दिला. "आबा, तुम्हीच काढा, मला नाही येत."

चार दिवस तिने खडूला हात लावला नाही. त्यापूर्वी 'येत नाही' हे तिला ठाऊकच नव्हतं. मी शिकवलं ते.

पाचव्या दिवशी ही म्हणाली, "तुम्ही तिथून उठा आधी." मी उठलो, पण लांब जाववेना, म्हणून फळीच्या पलीकडच्या बाजूला गेलो आणि तिथं स्वतःचंच काहीतरी गिरगटत बसलो. मुद्दाम डाव्या हाताने, वाईटच येणार म्हणून. थोड्या वेळाने खालून दोन पाय दिसायला लागले, मग अलीकडे खरखर ऐकू आली. तेव्हापासून तोच नेम आहे. ती त्या बाजूला, मी या बाजूला, मध्ये फळी. काढून झालं की ती बोलावते. मी 'काय आहे' विचारत नाही, 'सांग मला' म्हणतो. कधी सांगते, कधी म्हणते "ओलं आहे, नंतर." शेजारचा पाच वर्षांचा मुलगा आला की माझी बाजू त्याला. लाल डबा एकच असल्याने त्यांची जी भांडणं आणि तह होतात, ते ऐकण्यासारखे असतात.

आमच्या सूनबाईने वाचून दाखवलं की रोडा केलॉग नावाच्या एका अमेरिकन बाईंनी लहान मुलांची लाखो चित्रं जमवली आणि त्यांच्या रेघोट्यांचे वीस मूळ प्रकार मांडले. म्हणजे आपण जिला गिचमिड म्हणतो तिलाही मुळाक्षरं आहेत! मी आता तारखा घालून कागद ठेवतो, सवय जात नाही. एप्रिलमध्ये नुसते भोवरे. जूनमध्ये एक गोल बरोबर मिटला, टोकाला टोक. ऑगस्टमध्ये गोलाला डोळे आले आणि गोलालाच थेट पाय फुटले, धड नाही, मान नाही. ती आजी होती. कुठल्याही देशातलं मूल माणूस काढायला लागलं की आधी असाच काढतं म्हणे. तिच्या प्लेस्कूलमधून मात्र छापील सफरचंदं येतात, रेघेबाहेर रंग गेला की शेरा. ती सफरचंदं मी फ्रिजवर लावत नाही.

कागदाचं सांगायचं राहिलं. बोर्डाबरोबर मी अमोनिया प्रिंटचे, म्हणजे ड्रॉइंगच्या जुन्या छापील प्रतींचे, गठ्ठेही आणले होते, रद्दीत चालले होते म्हणून. पाठकोरे कागद, चांगले जाड. मनू त्यावरच रंगवते. गेल्या मंगळवारी तिने एक कागद उलटा करून लावला, छापील बाजू वर. पंपाचा फ्लॅंज, म्हणजे पाइप जोडायची गोल कडा, होता, समोरून, सहा बोल्टची भोकं, सेंटर लाइन्स, खाली कोपऱ्यात माझी सही. बराच वेळ बघत होती. "आबा, हे कुणी काढलं?" मी म्हटलं, "मी." वर्तुळं मोजली तिने, दोन वेळा, एकदा सात आली.

"छान आहे," म्हणाली, "पण पाय राहिले." आणि जाड ब्रशने दोन निळे पाय काढून दिले.

तो कागद वाळला की तुला पाठवतो, गुंडाळी करून कुरिअरने. त्यातच बोर्डाची मापं आणि बिजागरीचं रेखाटनही ठेवतो, सुताराला दाखव. वाढदिवस कधी आहे ते तारीख-वार कळव. वहिनींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद. गुडघ्याचं काय झालं ते लिहिलं नाहीस.

तुझा,
दिगंबर

ता. क. साखळी विसरू नकोस.