दोन म्हातारे बोलत बसतात, तरी उठवत नाही

संपादक महोदय,

परवा आमच्या गंगापूर रोडच्या घरी सगळ्यांनी मिळून ‘द टू पोप्स’ हा सिनेमा पाहिला, २०१९ चा, आणि तेव्हापासून घरात नुसता वाद चालूय. मुलगा म्हणतो काही घडतच नाही यात, दोन म्हातारे बागेत बसून बोलतात. अरे पण तेच तर बघायचंय ना! अँथनी हॉपकिन्सचा पोप बेनेडिक्ट आणि जोनाथन प्राइसचा बेर्गोलिओ, म्हणजे पुढे पोप फ्रान्सिस झाले ते, दोघेही नट मूळचे वेल्सचे, एक जर्मन झालाय एक अर्जेंटिनाचा, आणि ते पिझ्झा आणि फँटा घेऊन बसतात तो सीन तर मी दोनदा मागे घेऊन पाहिला.

मिसेसचा आक्षेप वेगळा, तिचं म्हणणं या गप्पा खऱ्या झाल्याच नाहीत, मग खऱ्या माणसांच्या नावावर का खपवायच्या? मुद्दा बरोबरे. बेनेडिक्टनी २०१३ मध्ये पोपपदाचा दिलेला राजीनामा खरा, संवाद मात्र लेखकाचे. पण आपल्याकडे संगीत नाटकात संत बोलतात ते तरी कुणी टेप केलं होतं?

मला खटकलं ते इतकंच की बेनेडिक्टना जरा खडूस करून ठेवलंय, सगळी माया दुसऱ्याच्या वाट्याला. हॉपकिन्सनी नुसत्या डोळ्यांनी ते सावरलं.

कुंभमेळ्यात आधी स्नान कुणाचं यावरचे मानापमान पाहिलेल्या आम्हा नाशिककरांना खुर्ची सोडणारा धर्मगुरू बघताना जरा गंमतच वाटली.

– एक प्रेक्षक, नाशिक